आबे फारिया

गोव्याच्या बार्देश तालुक्यात अरबी समुद्राच्या काठी कांदोळी नावाचे एक गाव आहे. या गावी १७५६ सालच्या मे महिन्यात एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव जुझे कुस्तोदियु द फारिया असे ठेवण्यात आले. पुढे फ्रान्स देशात लोक त्याला आबे फारिया म्हणू लागले. आबे हा फ्रेंच भाषेत ख्रिस्ती धर्मगुरूंना लावण्यात येणारा आदरार्थी शब्द होय. मनाच्या आजारांवर उपचार करण्याचे जे शास्त्र आज जगभर मान्यता पावले आहे, त्याचा इतिहास सांगताना कांदोळीच्या या सुपुत्राचे नाव गाळून पुढे जाता येत नाही.

फारियांचे पूर्वज मूळचे सारस्वत ब्राह्मण. त्या कुळातील अनंत शेणै नावाच्या पुरुषाने सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, असे सांगतात. पिढ्यामागून पिढ्या गेल्या, धर्म पालटला, नावे पालटली. पण घरातील बोली कोकणीच राहिली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे एका आणीबाणीच्या प्रसंगी तीच बोली या मुलाच्या मदतीस धावून आली.

जुझेचे वडील कायतान व्हितोरीनु हे कोलवाळ गावचे, व आई रोजा मारिया ही कांदोळीची. या पतिपत्नींचा संसार फार काळ टिकला नाही. उभयतांनी संमतीने एकमेकांचा निरोप घेतला. वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात मठवासिनी होऊन राहिली. अशा रीतीने आईवडील हयात असतानाही मुलाचे घर मात्र मोडले. त्याच्या बालमनाला काय वाटले असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. कळत्या वयात तो वडिलांच्या सावलीत वाढला, एवढे खरे.

त्या काळी गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. हुशार मुलाला मोठे शिक्षण द्यावयाचे तर पोर्तुगालला जाण्यावाचून मार्ग नव्हता. पंधरा वर्षांच्या जुझेला घेऊन वडील जहाजात बसले, आणि १७७१ च्या नोव्हेंबरात दोघे लिस्बन येथे पोहोचले. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता. सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालून जावे लागे व वाटेत महिन्यांवर महिने जात. आपल्या महाराष्ट्रातही दूरच्या वाटा तुडविणारे थोर पुरुष होऊन गेले. हिंगोली जिल्ह्यातील नर्सीचे संत नामदेव पंजाबात घुमान गावापर्यंत गेले, आणि त्यांच्या पदांना शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात स्थान मिळाले. नामदेव भक्तीचा संदेश घेऊन निघाले होते. जुझे फारियाजवळ निघताना काहीच नव्हते. त्याला जे द्यावयाचे होते ते त्याने परदेशीच कमावले.

पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने पितापुत्रांस रोम येथे शिकण्याची संधी मिळाली. जुझेने तेथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला, १७८० साली धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि धर्मशास्त्रात डॉक्टर ही पदवीही संपादन केली. खुद्द पोपसमोर प्रवचन करण्याचा मान या हिंदी तरुणास मिळाला, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे.

लिस्बनला परत आल्यावर घडलेली एक आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगितली जाते. पोर्तुगालची राणी मारिया हिने फारियांना राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात प्रवचनासाठी बोलाविले. समोर राणी, तिचे सरदार, मानकरी, भरजरी पोशाखांतील स्त्रीपुरुष असा थाट. फारिया व्यासपीठावर चढले, श्रोत्यांवरून त्यांनी दृष्टी फिरविली, आणि त्यांची वाचाच बसली. घशाला कोरड पडली. पाठ केलेले एकही वाक्य आठवेना. व्यासपीठाच्या पायथ्याशी त्यांचे वडील बसले होते. त्यांनी मान वर न करता हलक्या आवाजात कोकणीत मुलाला सांगितले, की ही सगळी भाजी आहे, भाजी कापावी तशी कापीत सूट. तेवढे शब्द कानी पडताच मुलाची भीती पार पळाली आणि त्याने अस्खलित प्रवचन केले.

ही गोष्ट अक्षरशः अशीच घडली की सांगणाऱ्यांनी तिला थोडी फोडणी दिली, हे आज ठरविता येणार नाही. पण तिचे मर्म मोठे आहे. सभेत काही पालटले नव्हते. राणी तीच, सरदार तेच, व्यासपीठ तेच. पालटले ते केवळ फारियांचे मन, आणि तेही चार शब्दांनी. जो भीतीने पुतळ्यासारखा थिजला होता तो क्षणात मोकळा झाला. शब्दांच्या अंगी एवढे सामर्थ्य कोठून येते? ते बोलणाऱ्यात असते की ऐकणाऱ्यात? हा प्रश्न फारियांच्या मनात त्या दिवशी रुजला, असे त्यांचे चाहते मानतात. तसे असो वा नसो, पुढील सारे आयुष्य त्यांनी याच प्रश्नाच्या मागे घालविले, हे मात्र निश्चित.

लिस्बनमध्ये फारिया पितापुत्रांचे बस्तान बसते न बसते तोच गोव्यात वादळ उठले. गोमंतकीय धर्मगुरू कितीही विद्वान असले तरी त्यांना वरच्या जागा मिळत नसत. त्या जागा गोऱ्या पोर्तुगीजांसाठी राखून ठेवलेल्या असत. या अन्यायाने संतापलेल्या काही धर्मगुरूंनी व शिपायांनी १७८७ साली पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा बेत रचला. कांदोळीच्या पिंतो घराण्याचा त्यात संबंध होता, म्हणून इतिहासात तो पिंतोंचे बंड या नावाने ओळखला जातो. बेत आधीच फुटला. पुढच्या वर्षी पंधरा जणांना पणजीत देहान्त शासन झाले. लिस्बनमधील फारियांकडेही सरकार संशयाने पाहू लागले. १७८८ साली जुझे फारियांनी पोर्तुगाल सोडले व ते पॅरिसला आले.

ते आले आणि पाठोपाठ १७८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. राजा गेला, राणी गेली, जुनी व्यवस्था कोसळली. आपले फारियाही या धामधुमीपासून दूर राहिले नाहीत. १७९५ साली पॅरिसमध्ये सरकारविरुद्ध जो उठाव झाला, त्यात त्यांनी एका तुकडीचे नेतृत्व केले, असे सांगतात. परंतु तलवारीपेक्षा निराळ्याच एका क्रांतीत त्यांचे नाव व्हावयाचे होते.

त्या काळी मनाच्या आजाराने पीडलेल्या माणसांची स्थिती काय होती, ते येथे सांगितले पाहिजे. शरीराला ताप आला तर वैद्य बोलावीत. पण एखादा मनुष्य एकाएकी असंबद्ध बोलू लागला, दिवसचे दिवस खिन्न बसून राहिला, किंवा भलत्याच भयाने किंचाळू लागला, तर तो आजारी आहे असे फारच थोड्यांना वाटे. कोणी म्हणत की त्याला सैतानाने झपाटले आहे, तर कोणी म्हणत की त्याच्या पापाची ती शिक्षा आहे. युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत अशा अभाग्यांना भिंतीशी साखळदंडांनी जखडून ठेवीत. १७९३ साली पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात फिलिप पिनेल नावाचे डॉक्टर आले. तेथील व्यवस्थापक प्यूसें हा रुग्णांशी माणुसकीने वागत असे. त्याचे वागणे पिनेल यांनी बारकाईने पाहिले, आणि हे लोक गुन्हेगार नसून रोगी आहेत असे जगाला ठासून सांगितले. तेथील रुग्णांच्या बेड्या प्यूसें यांनी काढल्या, आणि पिनेल यांनी तोच प्रघात दुसऱ्या इस्पितळात पुढे चालविला.

यात युरोपलाच हसण्याचे कारण नाही. आमच्या हिंगोलीकडील खेड्यांतही मनाने आजारी असलेल्या बाईला भगताकडे नेऊन धुनीसमोर बसविल्याची, भानामती झाली म्हणून कोणा गरीब शेजारणीवर आळ घेतल्याची उदाहरणे जुन्या पिढीने पुष्कळ पाहिली आहेत. अशा अघोरी प्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला.

आता पुन्हा पॅरिसकडे वळू. फारिया तेथे येण्याच्या दहा वर्षे आधी, १७७८ साली, मेस्मर नावाचे एक डॉक्टर व्हिएन्नाहून पॅरिसला आले होते. सर्व विश्वात एक अदृश्य प्रवाही द्रव्य भरलेले आहे, ते लोहचुंबकाप्रमाणे काम करते, आणि आपण ते रोग्याच्या अंगात सोडून त्याला बरे करू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. खोलीच्या मध्यभागी पाण्याचे एक मोठे पिंप ठेवीत. त्यातून लोखंडी कांबी बाहेर आलेल्या असत. रोगी त्या कांबी धरून बसत, आणि मेस्मर हातवारे करीत त्यांच्यामधून फिरत. काही जण थरथर कापू लागत, काही मूर्च्छित पडत, आणि शुद्धीवर आल्यावर काहींना खरोखरीच बरे वाटे. सगळे पॅरिस या पिंपाभोवती लोटले.

फ्रान्सच्या राजाने १७८४ साली या प्रकाराची चौकशी करण्यासाठी विद्वानांची समिती नेमली. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन व थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए हे तिचे सभासद होते. त्यांनी एक मोठा सुंदर प्रयोग केला. मेस्मर यांच्या एका शिष्याने फ्रँकलिन यांच्या बागेतील एक झाड मंत्रावे तसे भारून ठेवले. नंतर बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला बागेत आणले. कोणते झाड भारलेले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला एकामागून एक चार झाडांपाशी नेले. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, दुसऱ्यापाशी डोके जड झाले, तिसऱ्यापाशी ते आणखी वाढले, आणि चौथ्यापाशी तो मूर्च्छित पडला. गंमत अशी, की या चारांपैकी एकही झाड भारलेले नव्हते. भारलेले झाड तेथून बरेच दूर होते!

समितीने निर्णय दिला, की अदृश्य द्रव्य वगैरे काही नाही, हा केवळ कल्पनेचा खेळ आहे. निर्णय अगदी बिनतोड होता. पण त्यातून दुसरा एक प्रश्न निर्माण होतो, तो समितीने फारसा विचारला नाही. केवळ कल्पनेने धडधाकट मुलाला घाम फुटतो व मूर्च्छा येते, तर ही कल्पना लहानसहान वस्तू नव्हे. जी मनुष्याला आजारी पाडू शकते ती त्याला बरेही करू शकेल काय? समितीने जेथे आपला कागद मिटला, तेथून पुढे वाचावयास फारियांनी प्रारंभ केला.

मेस्मर यांचे एक शिष्य मार्क्विस द प्युसेग्यूर हे उमराव होते. आपल्या जहागिरीतील एका तरुण शेतकऱ्यावर हा उपचार करीत असता तो थरथरण्याऐवजी शांत झोपी गेला, आणि त्या झोपेतच प्रश्नांची नीट उत्तरे देऊ लागला, असे त्यांना आढळले. या विद्येची दीक्षा फारियांना प्युसेग्यूर यांच्याकडून मिळाली. तिचे ऋण फारिया कधी विसरले नाहीत; आपला ग्रंथ त्यांनी प्युसेग्यूर यांनाच अर्पण केला आहे.

आरंभीच्या काळातील एक फजितीही सांगितली पाहिजे, कारण थोर माणसांच्या फजित्या पुष्कळदा त्यांच्या विजयांपेक्षा अधिक शिकवितात. फ्रान्सचे प्रसिद्ध लेखक शातोब्रियां यांनी आपल्या आठवणींत ती नोंदविली आहे. एका मेजवानीच्या प्रसंगी फारियांनी पैज मारली, की आपण या विद्येच्या जोरावर पिंजऱ्यातील कॅनरी पक्ष्याचा प्राण घेऊ. त्यांनी पुष्कळ हातवारे केले. पक्ष्यावर काही परिणाम झाला नाही. तोच फारियांना भारी पडला. शातोब्रियां यांनी ही हकीकत चेष्टेने सांगितली आहे, आणि पैज मारण्याजोगी नव्हती हेही खरे. पण फारियांच्याच पुढील सिद्धान्ताच्या उजेडात पाहिले तर त्या इवल्याशा पक्ष्याने त्यांना केवढे मोठे उत्तर दिले होते! शक्ती जर हातवारे करणाऱ्याच्या बोटांत असती, तर पक्षी मेला असता. पण त्याला माणसाची भाषा कळत नव्हती, फारिया कोण हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्यांच्याविषयी त्याच्या मनात ना भीती होती ना विश्वास.

१८११ साली फारिया मार्सेय शहरात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. तेथील वैद्यकमंडळानेही त्यांना सभासद करून घेतले. काही काळाने त्यांची बदली नीम या गावी दुय्यम जागेवर झाली. तेथे त्यांचे मन रमले नाही. १८१३ साली ते पॅरिसला परतले, आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात क्लिशी रस्त्यावरील ४९ क्रमांकाच्या घरात त्यांनी जाहीर व्याख्याने व प्रयोग सुरू केले. प्रवेशासाठी पाच फ्रँक द्यावे लागत. तरीही दिवाणखाना भरून जाई.

फारिया वर्णाने सावळे, अंगाने उंच, आणि भारदस्त होते. त्यांच्या खोलीत पिंप नव्हते, लोखंडी कांबी नव्हत्या, संगीत नव्हते. साधी आरामखुर्ची असे. तीत बसलेल्या माणसाला ते सांगत, की अंग सैल सोडा, डोळे मिटा, दुसरे काही मनात न आणता केवळ झोपेचा विचार करा. थोडा वेळ शांततेत जाई. मग ते एकदम खणखणीत, अधिकाराच्या स्वरात झोपण्याची आज्ञा करीत. काही माणसांना तत्काळ झोप लागे. न लागली तर ते आज्ञा पुन्हा देत. तरीही न लागली तर आपला उघडा तळहात त्याच्यासमोर धरून त्याकडे एकटक पाहावयास सांगत व तो हळूहळू त्याच्या डोळ्यांजवळ आणीत. एवढ्यानेही काही झाले नाही तर ते तसे मोकळेपणाने सांगून त्याला परत पाठवीत. कारण ही झोप सर्वांनाच येते असा दावा त्यांनी कधी केला नाही.

ही झोप आपल्या नित्याच्या झोपेसारखी नसे. शरीर निद्रिस्त असे, पण मन बोलणाऱ्याचा शब्द टिपीत असे. म्हणून फारियांनी तिला जे नाव दिले त्याचा अर्थ सजग निद्रा असा करता येईल. या अवस्थेत साधे पाणी देऊन ते मद्य आहे असे सांगितले, तर त्या माणसाला मद्याची चव लागे. हात उचलता येणार नाही असे सांगितले, तर उचलता येत नसे. आणि येईल असे सांगताच हात पूर्ववत् चाले. आपण आज ज्याला संमोहन म्हणतो, ते हेच होय.

प्रयोग दाखविणारे पॅरिसमध्ये आणखीही होते. मग फारियांचे वेगळेपण कशात? ते त्यांनी काढलेल्या अर्थात आहे. इतर सारे सांगत, की आमच्या अंगात विलक्षण शक्ती आहे व ती आम्ही तुमच्यात सोडतो. फारियांनी भरसभेत सांगितले, की आपल्या अंगी कसलीही शक्ती नाही. हातातून काही निघत नाही, डोळ्यांतून काही निघत नाही. झोपेचे कारण झोपणाऱ्यातच असते. त्याची इच्छा, त्याचा विश्वास, त्याचे एकाग्र झालेले मन हेच सारे काम करते. आपण केवळ निमित्तमात्र. विचार करा, जाहिरात करून पोट भरणाऱ्या जादूगाराने असे कधी म्हटले असते काय? लोक चमत्कारासाठी पाच फ्रँक देत होते, आणि हा मनुष्य त्यांना सांगत होता की चमत्कार नाही. रोग्याला तुच्छ मानण्याचा तो काळ होता. त्या काळात बरे होण्याचे सामर्थ्य रोग्याच्याच ठायी आहे असे म्हणणे, हे पिनेल यांच्या कार्याहून मला काही कमी मोलाचे वाटत नाही.

त्यांचे सर्वच विचार खरे ठरले असे नाही. ज्यांचे रक्त पातळ असते त्यांना ही झोप लवकर लागते, असे त्यांचे मत होते. त्यास आधार मिळाला नाही. पण मुख्य सिद्धान्त काळाच्या कसोटीस उतरला.

नव्या विचारास विरोध व्हावा हे ठरलेलेच, आणि फारियांना तर तो तिन्ही बाजूंनी झाला. अदृश्य द्रव्यावर श्रद्धा असलेले मेस्मरपंथी चिडले, कारण त्यांच्या मताचा पायाच ढासळत होता. काही धर्मगुरूंनी ही सैतानाची करणी ठरविली. एका धर्मगुरूनेच हे करावे याचा त्यांना अधिकच राग आला. आणि वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. त्यांचे परदेशी वळणाचे फ्रेंच उच्चार, त्यांचा सावळा वर्ण, त्यांची धर्मगुरूची वस्त्रे, काहीही थट्टेतून सुटले नाही. एका नटाने प्रयोगाच्या वेळी झोपेचे सोंग घेतले, आणि मध्येच डोळे उघडून आपण सर्वांना फसविले असे जाहीर केले. सभा हशात बुडाली. त्या एका सोंगाने शेकडो खरे प्रयोग खोटे ठरले! १८१६ साली तर पॅरिसच्या एका नाटकगृहात या विद्येची टर उडविणारे प्रहसन रंगभूमीवर आले. पोतिए नावाच्या लोकप्रिय विनोदी नटाने त्यात काम केले. फारियांचा दिवाणखाना ओस पडला.

साठ वर्षांचा तो वृद्ध गृहस्थ. मायदेश दुरावलेला, आप्तांपैकी जवळ कोणी नाही, आणि ज्यासाठी आयुष्य वेचले त्याचा शहरभर उपहास. तो खचला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. फारियांनी एका आश्रमशाळेत धर्मगुरूची लहानशी जागा पत्करली. उरलेल्या वेळात ते लिहू लागले. सजग निद्रेचे कारण या विषयावर अनेक खंडांचा मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. पहिला खंड १८१९ साली निघाला, आणि त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी मेंदूच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. माँमार्त्र येथे त्यांना मूठमाती देण्यात आली. थडग्यावर नावाची खूणही राहिली नाही.

पुढे पन्नाससाठ वर्षे त्यांचे नाव विद्वानांच्या ओठी फारसे नव्हते. गंमत पाहा, लोकांच्या ओठी मात्र ते राहिले, आणि तेही एका कादंबरीमुळे. १८४४ साली अलेक्झांद्र द्युमा यांची काउंट ऑफ माँटे क्रिस्टो ही कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. तीत समुद्रातील एका किल्ल्याच्या तुरुंगात खितपत पडलेला आबे फारिया नावाचा विद्वान कैदी आहे. तुमच्यापैकी कोणी तिचे मराठी रूप वाचले असेल, तर एवढे ध्यानात ठेवावे, की कादंबरीतील फारिया इटलीचा आहे व तो तुरुंगातच मरतो. द्युमा यांनी नाव घेतले, चरित्र घेतले नाही.

खरे फारिया शास्त्राच्या दालनात परत आले ते निराळ्या वाटेने. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रेड या शस्त्रवैद्याने १८४३ साली या निद्रेवर ग्रंथ लिहून तिला इंग्रजीत आजचे नाव दिले. फ्रान्समधील नान्सी गावी लिएबो नावाचे डॉक्टर गोरगरीब रोग्यांना शांतपणे झोपवून त्यांच्या मनाला धीर देणाऱ्या सूचना करीत असत. त्यांचे काम पाहून बर्नहाइम या प्राध्यापकांनी सांगितले, की या सर्व उपचारांचे मर्म सूचनेत आहे, आणि ही गोष्ट प्रथम फारियांनी ओळखली होती. १८८९ साली व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड बर्नहाइम यांचे उपचार पाहावयास नान्सीला गेले. पुढे फ्रॉइड यांनी संमोहन सोडून दिले आणि रोग्याला जागेपणीच बोलते करण्याची पद्धत काढली. मनोरुग्णाशी बोलून, त्याचे ऐकून त्याला बरे करण्याच्या ज्या अनेक पद्धती आज आहेत, त्यांचा ओघ असा मागे मागे नेला तर क्लिशी रस्त्यावरील त्या आरामखुर्चीपर्यंत पोहोचतो.

गोव्यालाही आपल्या पुत्राची आठवण झाली. डॉक्टर दालगादो या गोमंतकीयाने १९०६ साली फारियांचे चरित्र प्रसिद्ध केले. वैद्यकाचे नोबेल पारितोषिक पुढे ज्यांना मिळाले त्या एगस मोनिश या पोर्तुगीज डॉक्टरांनीही फारियांवर पुस्तक लिहिले. १९४५ साली पणजीत मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारी, रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडविलेला फारियांचा पुतळा उभारण्यात आला. हात पुढे पसरून फारिया उभे आहेत व समोर एक स्त्री निद्रावस्थेत कलली आहे, असे ते शिल्प आहे. अंधारात प्रथमच पाहणाऱ्याला त्याची भीती वाटते, असे म्हणतात. ज्या मनुष्याने आपल्या अंगी काही शक्ती नाही असे जन्मभर सांगितले, त्याचा पुतळा इतका मांत्रिकासारखा दिसावा, हे मला थोडे खटकते. पण शिल्प मोठे जिवंत आहे, यात संशय नाही.

आज संमोहन हा मनाच्या आजारांवरील मुख्य उपचार राहिलेला नाही. औषधे निघाली आहेत, प्रशिक्षित डॉक्टर व समुपदेशक आहेत. २०१७ साली संसदेने केलेल्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. मनावर फार ताण आला, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करून कोणालाही विनामूल्य बोलता येते. भारत सरकारने ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केली. तेथे दूरध्वनी उचलणाऱ्याच्या हाती प्रथम असतात ते केवळ शब्द.

पणजीच्या आल्तिनो टेकडीवर मनोरुग्णांसाठी जे सरकारी इस्पितळ होते, त्याला आबे फारियांचे नाव दिलेले होते. पुढे त्याचे रूपांतर मनोविकार व मानवी वर्तन यांच्या संस्थेत झाले, आणि ती संस्था आता पणजीनजीक बांबोळी येथे आहे. गोव्यातून आणि शेजारच्या सिंधुदुर्गातून रुग्ण तेथे येतात. बाहेरच्या बाकांवर त्यांचे आईबाप, भाऊबहिणी बसलेले असतात, आणि डॉक्टर त्यांच्याशी कोकणीत किंवा मराठीत बोलतात.